कोट्याचा कागद कोणाच्या हाती?

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यात सीतादही होते, वेचणीला आरंभ होतो आणि हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, सेलूच्या बाजार आवारांत कापसाच्या गाड्या लागू लागतात. गाडीवर बसलेल्या कास्तकाराला आदल्या रात्री भाव ठाऊक नसतो. सकाळी जो भाव पुकारला जातो तो कोठून आला, असे त्याने विचारले तर अडत्या जिनिंगवाल्याकडे बोट दाखवतो, जिनिंगवाला मुंबईकडे आणि मुंबई न्यूयॉर्ककडे. या साखळीत एक दुवा असा आहे की ज्याचा उल्लेख बाजार समितीच्या फळ्यावर कधीच आढळत नाही. हा दुवा म्हणजे आयात-निर्यातीवर घातलेली नगांची, वारांची वा गाठींची मर्यादा. व्यवहारातील भाषेत, कोटा.

कोटा हा शब्द उच्चारताच समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात दोन परस्परविरोधी भावना जागृत होतात. धनिक राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांच्या कापडावर कोटा घातला की त्याला संताप येतो, आणि आपल्या सरकारने एखाद्या मालावर कोटा घातला की त्याला नियोजनाचा आभास होतो. या दोन भावनांपैकी कोणतीही एक विचाराची जागा घेऊ शकत नाही. कोटा चांगला की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. कोट्यामुळे निर्माण होणारा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा खरा प्रश्न होय. वर्धा जिल्ह्यातील कापसाने या प्रश्नाची उत्तरे गेल्या नव्वद वर्षांत वारंवार दिली आहेत. त्यांची संगती लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

जकात आणि कोटा यांतील भेद

प्रथम एक साधा हिशेब मांडला पाहिजे. समजा, परदेशातील एखाद्या पेठेत येथील सदरा सर्व खर्चासह १०० रुपयांत पोचतो. आयात मोकळी असेल तर तो त्याच भावाच्या आसपास विकला जाईल. आता त्या देशाच्या सरकारला स्वतःच्या गिरण्यांचे संरक्षण करावयाचे आहे. त्याने ३० रुपये जकात बसवली तर सदरा १३० रुपयांना विकला जाईल आणि वरचे ३० रुपये त्या सरकारच्या खजिन्यात जातील. परंतु जकात न बसवता 'वर्षाला इतकेच सदरे येऊ देऊ' असे त्याने ठरवले, तर टंचाईमुळे भाव तसाच १३० रुपयांपर्यंत चढेल. मात्र वरचे ३० रुपये खजिन्यात जाणार नाहीत. ज्याच्या हाती सदरा आत नेण्याचा परवाना आहे, त्याच्या खिशात ते जातील. सदरा शिवणाऱ्या बाईची मजुरी त्यामुळे वाढत नाही, सूत कातणाऱ्या गिरणीकामगाराचा पगार वाढत नाही आणि कापसाचा भावही वाढत नाही. वाढते ती फक्त त्या कागदाची किंमत.

अर्थशास्त्रात याला टंचाईचा खंड म्हणता येईल. जमीनदार जमीन न कसता खंड घेतो, त्याचप्रमाणे कोटाधारक माल निर्माण न करता खंड घेतो. खंडकरी वर्गाविरुद्ध ज्या चळवळीने पन्नास वर्षे संघर्ष केला, तिला हा नवा खंड ओळखता आला पाहिजे.

१९३३-३४ : कापडाच्या बदल्यात कापूस

वर्ध्याच्या कापसाचे परदेशी व्यापाराशी असलेले नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात एका कापसाचे नाव म्हणून प्रसिद्ध होते. पुढे लांब धाग्याच्या बनी कापसाची जागा अधिक रुई देणाऱ्या, पण आखूड व जाड धाग्याच्या वाणांनी घेतली. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि खानदेश येथील हा आखूड धाग्याचा माल व्यापारात 'उमरा' या नावाने ओळखला जाई. लँकेशायरच्या यंत्रांना तो फारसा मानवत नसे. त्याचा मोठा ग्राहक होता जपान.

जागतिक मंदीच्या वर्षांत जपानी कापड स्वस्त दराने भारतात येऊ लागले. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने ब्रिटनबाहेरील कापडावरील जकात ५० टक्के केली आणि जून १९३३ मध्ये ती ७५ टक्क्यांवर नेली. मुंबईच्या गिरणीमालकांना आणि लँकेशायरला हे हवेच होते. जपानी सूतगिरण्यांनी याला जे उत्तर दिले त्याचा मुंबईच्या गिरण्यांशी थेट संबंध नव्हता. त्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. गिरणीमालकाला संरक्षण मिळाले आणि त्याची किंमत मंदीने आधीच खचलेल्या वऱ्हाड-नागपूरकडील कास्तकाराला मोजावी लागली.

सप्टेंबर १९३३ पासून जपानी प्रतिनिधींशी वाटाघाटी चालल्या आणि १९३४ च्या आरंभी तडजोड झाली. तिची कलमे आजही अभ्यासण्याजोगी आहेत. जकात ५० टक्क्यांवर आली. जपानने भारतातून १० लाख गाठी कापूस उचलला तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड भारतात आणता येईल. १५ लाख गाठी उचलल्या तर ही मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढेल. आणि १० लाखांहून कमी गाठी उचलल्या तर कापडाचा कोटा त्या प्रमाणात घटेल, असे ठरले. अर्थात आयात-कोटा आणि कच्च्या मालाची विक्री ही एकाच दाव्याला बांधली गेली. उमरा कापसाची गाठ प्रथमच आंतरराष्ट्रीय करारातील मोजमाप बनली.

या कराराचे मूल्यमापन सावधपणे केले पाहिजे. बहिष्कार उठला, ग्राहक परत आला, हा कापूसवाल्या प्रदेशाचा लाभ नाकारण्यासारखा नाही. परंतु टेबलाभोवती कोण बसले होते? एकीकडे सरकार आणि जपान. दुसरीकडे मुंबईचे गिरणीमालक आणि लँकेशायरचे प्रतिनिधी. त्याच काळात, ऑक्टोबर १९३३ मध्ये, मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर लीज यांच्यात जो समझोता झाला, त्यावर राष्ट्रवादी गोटातून कठोर टीका झाली. ती योग्यच होती. तथापि त्या टीकेतही स्वदेशी कापडाची कैफियत जितकी मोठ्याने मांडली गेली, तितकी कापूस पिकवणाऱ्याची मांडली गेली नाही. गाठी मोजल्या गेल्या. त्या गाठींचा कापूस पिकवणारा मोजला गेला नाही.

याच महिन्यांत गांधीजी वर्ध्यात होते. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी त्यांची हरिजन यात्रा येथूनच सुरू झाली आणि पुढील वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापनाही वर्ध्यातच झाली. दिल्लीत वारांचा आणि गाठींचा सौदा चालू असताना वर्ध्यात त्या सौद्याबाहेरचा मार्ग शोधला जात होता. शेतातला कापूस, घरातला चरखा, गावातला माग आणि गावाचेच अंग झाकणारे कापड, असा तो मार्ग होता. मगनवाडीतील कुमारप्पांचे अर्थशास्त्र याच प्रयत्नातून वाढले. हा मार्ग संपूर्ण देशाची कापडाची गरज भागवू शकला नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु कच्चा माल आणि पक्का माल यांच्यात जितके अंतर पडते तितकी मधल्या दलालाची जागा रुंदावते, हे त्यामागील निदान आजही खोटे ठरलेले नाही.

धनिक राष्ट्रांचा कोटा

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटे झाले. आता कापड निर्यात करणारे देश गरीब होते आणि दारे बंद करणारे देश श्रीमंत. ज्या ब्रिटनने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी भारतीय छिटांना आपल्या देशात मज्जाव केला, आणि १८९६ साली भारतीय गिरण्यांच्या कापडावर येथेच साडेतीन टक्के अबकारी कर बसवून तो १९२५ पर्यंत वसूल केला, त्याच ब्रिटनने १९५९ साली हाँगकाँग, भारत आणि पाकिस्तान यांना आपली कापडनिर्यात 'स्वेच्छेने' मर्यादित करावयास लावली. या स्वेच्छेचा अर्थ निराळा सांगण्याची आवश्यकता नाही.

अमेरिकेच्या पुढाकाराने १९६१ साली सुती कापडासंबंधी अल्पमुदतीचा आणि १९६२ साली दीर्घमुदतीचा करार झाला. १ जानेवारी १९७४ पासून 'मल्टिफायबर करार' अमलात आला. त्याने लोकर आणि कृत्रिम धाग्यालाही कवेत घेतले. 'गॅट'च्या मूळ तत्त्वानुसार सर्व सदस्य राष्ट्रांना समान वागणूक मिळावयास हवी होती. कापडापुरते हे तत्त्व बाजूला ठेवण्यात आले. कोटे बसले ते मुख्यतः आशियातील आणि इतर विकसनशील देशांवर. धनिक राष्ट्रांनी आपापसातील व्यापारावर असे कोटे लादले नाहीत. कोटा वर्षाला साधारण ६ टक्क्यांनी वाढावा असे कराराचे कलम होते. व्यवहारात द्विपक्षीय वाटाघाटींत ही वाढ पुष्कळदा त्याहून कमी करून घेतली गेली.

या व्यवस्थेचे तीन परिणाम ध्यानात घेण्यासारखे आहेत.

पहिला परिणाम कापसावर झाला, आणि वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. १९६२ चा करार केवळ सुती मालापुरता होता. सुतीवर मर्यादा आणि कृत्रिम धाग्याला मोकळीक, अशी स्थिती बारा वर्षे राहिली. साहजिकच पूर्व आशियातील निर्यातदार कृत्रिम धाग्याकडे वळले. त्या धाग्याच्या प्रसाराची इतरही कारणे होती, पण या कराराने त्याला वाट मोकळी करून दिली, हे निर्विवाद आहे. वॉशिंग्टनमध्ये गिरणीमालकांसाठी घेतलेला निर्णय अशा रीतीने हिंगणघाटच्या कापसाच्या मागणीला भिडतो.

दुसरा परिणाम असा की उद्योग कोट्यामागे धावू लागला. दक्षिण कोरियाचा कोटा भरला तेव्हा तेथील देवू कंपनीने बांगलादेशातील देश गारमेंट्सशी करार केला आणि तेथील सुमारे १३० जणांना कोरियात नेऊन शिक्षण दिले. बांगलादेशावर तेव्हा कोटा नव्हता, हेच त्याचे आकर्षण. फारसा कापूस न पिकवणारा हा देश तयार कपड्यांचा मोठा निर्यातदार बनला आणि अवघ्या काही वर्षांत, १९८५ साली, अमेरिकेने त्याच्यावरही कोटा बसवला. उद्योग कोठे उभा राहावा हे कापूस कोठे पिकतो वा माग कोठे आहे यावर ठरत नव्हते. कोटा कोठे शिल्लक आहे यावर ठरत होते.

तिसरा परिणाम श्रीमंत देशांतील गरिबांवर झाला. मर्यादा नगांवर वा चौरस मीटरवर असल्याने निर्यातदाराला त्याच कोट्यात अधिक किमतीचा माल पाठवणे परवडे. स्वस्त सदरा दुर्मिळ झाला आणि त्याची झळ तेथील कामगार कुटुंबांना लागली. ज्या कामगारांच्या संरक्षणाचे नाव घेऊन कोटे घातले गेले, त्यांचे रोजगार यंत्रीकरणामुळे कमी व्हावयाचे ते झालेच.

भारतात तो कागद कोणाकडे गेला?

मल्टिफायबर करारात कोट्याचे वाटप निर्यातदार देशाकडे असे. धनिक राष्ट्राने दिलेली ती एक प्रकारची लाच होती. 'मर्यादा मान्य करा; वरचा खंड तुमच्या देशात राहू द्या,' असा तो व्यवहार होता. म्हणजे हा खंड सार्वजनिक हितासाठी वापरण्याची संधी भारताला होती. तिचे काय झाले?

तयार कपड्यांचा कोटा १९७८ मध्ये स्थापन झालेल्या परिधान निर्यात प्रोत्साहन परिषदेमार्फत आणि सूत-कापडाचा कोटा सुती वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषदेमार्फत वाटला जाई. वाटपाचा मोठा भाग 'पूर्वकामगिरी'च्या कसोटीवर होई. ज्याने मागील वर्षांत निर्यात केली, त्याला पुढील वर्षी हक्क. थोडा भाग प्रथम येणाऱ्यास आणि थोडा नव्या गुंतवणूकदारास. पूर्वकामगिरीचा कोटा हस्तांतरणीय होता. परिणामी ज्याच्याकडे कोटा होता त्याला एकही सदरा न शिवता तो अधिमूल्य घेऊन विकता येई. मुंबई-दिल्लीच्या पेढ्यांत या कागदाचा बाजार उभा राहिला.

या बाजारात वर्धा जिल्हा कोठेही नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंगणघाट आणि पुलगाव येथे गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. कापूस येथलाच, कामगार येथलाच. पण निर्यातीचा हक्क बंदराशेजारच्या पेढीकडे. करारात एक कलम तर असे होते की कुटिरोद्योगातील हातमागाचे कापड आणि त्यापासून हाताने तयार केलेल्या वस्तू, योग्य प्रमाणपत्र असल्यास, कोट्यातून मुक्त राहतील. ज्या जिल्ह्यात देशाच्या खादी-ग्रामोद्योग विचाराने आकार घेतला, त्या जिल्ह्याच्या विणकराला या कलमाचा पत्ता किती लागला असेल, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा. मुक्तता कागदावर असते तेव्हा तीही कागद हाताळणाऱ्याच्याच उपयोगाची ठरते.

आणि येथे समाजवादी चळवळीने आपलेही परीक्षण केले पाहिजे. परवाना आणि नियंत्रण म्हणजे समाजवाद, अशी सोयीची समजूत अनेक वर्षे बाळगली गेली. नियंत्रण सार्वजनिक आणि त्याचा लाभ खाजगी, अशी रचना ही समाजवादाची विटंबना होती. 'पूर्वकामगिरी' या निकषाचा अर्थ 'ज्याच्याकडे आहे त्याला अधिक द्या' एवढाच होतो, हे चळवळीने वेळीच ठणकावून सांगावयास हवे होते.

दुहेरी चिमटा

परदेशांनी कापडावर कोटा घातला असताना भारत सरकारने कच्च्या कापसाच्या निर्यातीवर कोटा घातला होता. गिरण्यांना कापूस कमी पडू नये, हे त्याचे कारण. कापूस निर्यातीचे कोटे हंगामात कधी सुटत, कधी उशिरा सुटत, कधी अपुरे सुटत. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना अमलात आली. खाजगी व्यापाऱ्याच्या लुटीपासून शेतकऱ्याला सोडवण्याचा तो महत्त्वाचा प्रयत्न होता आणि त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु या योजनेला खरेदीची सक्ती होती. विक्रीचे स्वातंत्र्य नव्हते. राज्याने सर्व कापूस घ्यावयाचा, पण तो परदेशी किती आणि केव्हा विकावयाचा हे केंद्राने ठरवावयाचे. परदेशी भाव चढलेला असताना दार बंद आणि भाव पडल्यावर दार उघडे, असे झाले की तोटा योजनेच्या माथी आणि दोष सहकाराच्या माथी. योजनेच्या तोट्यात गैरव्यवस्थेचा वाटा होताच. पण ही बाजूही नोंदली गेली पाहिजे. २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला.

कच्च्या कापसाची निर्यात २००१ मध्ये मोकळी झाली; पण ही मोकळीकही बिनशर्त नव्हती. एप्रिल २०१० मध्ये निर्यातीची नोंदणी थांबवण्यात आली आणि २०१०-११ च्या हंगामासाठी ५५ लाख गाठींची मर्यादा घातली गेली. त्याच हंगामात, मार्च २०११ मध्ये, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस पौंडाला २ डॉलरच्या वर गेला. जगात विक्रमी भाव आणि येथे गाठींना मोजमाप! ५ मार्च २०१२ रोजी तर निर्यातीवर संपूर्ण बंदी आली. शेतकऱ्यांचा आणि कापूस उत्पादक राज्यांचा विरोध एवढा झाला की आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षणीय नाही. कापूस महागला तर सूतगिरणीतील कामगाराचे काय? मागावर बसलेल्या विणकराचे काय? हे प्रश्न खरे आहेत. सूत महागले की पहिला माग थांबतो तो लहान विणकराचा. परंतु कापूस स्वस्त ठेवल्याने कामगाराचे भले झाले काय? निर्यातबंदीच्या वर्षांत कापसाच्या भावात जे घटले ते कामगाराच्या पगारात मिळाले, असा अनुभव कोणत्याही गिरणीगावाचा नाही. पुलगावच्या गिरणीचा भोंगा पुढे कायमचा बंद झाला तो त्याच पुलगावात, जेथे शेतकऱ्याला कापसाच्या भावासाठी झगडावे लागत होते. एकाच गावात कापूस स्वस्त आणि गिरणी बंद, ही वस्तुस्थिती असताना शेतकरी आणि कामगार यांना परस्परांचे शत्रू ठरवणे हा भांडवलदारी युक्तिवाद आहे. समाजवादी कार्यकर्त्याने तो उसना घेऊ नये.

कोटे गेले; मग काय झाले?

१९९५ पासून दहा वर्षांत मल्टिफायबर कोटे टप्प्याटप्प्याने रद्द करावयाचे ठरले. टप्प्यांचे प्रमाण बोलके आहे. आरंभी १६ टक्के, १९९८ मध्ये १७, २००२ मध्ये १८ आणि उरलेले ४९ टक्के १ जानेवारी २००५ या एकाच दिवशी. पहिल्या टप्प्यांत प्रामुख्याने असा माल मोकळा केला गेला की ज्यावर प्रत्यक्षात कोटे नव्हतेच. आणि २००५ उजाडल्यावर सहा महिन्यांच्या आत युरोपीय संघाने चीनशी नवी मर्यादा ठरवली. चिनी कपडे युरोपच्या बंदरांत अडकून पडले. त्याच वर्षी अमेरिकेनेही चीनकडून २००८ अखेरपर्यंतची मर्यादा मान्य करवून घेतली. खुल्या व्यापाराचे उपदेशक स्वतःच्या उपदेशाला किती जागतात, हे यावरून दिसते.

तरीही, कोटे गेल्याने कापूस उत्पादकाचे दैन्य जाईल अशी आशा काही अर्थतज्ज्ञांनी दाखवली होती. त्यानंतर दीड वर्षाने, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या त्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. या आत्महत्या कोटे गेल्यामुळे झाल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. कर्ज, कोरडवाहू शेती आणि खर्चाचा भार ही कारणे उघड आहेत. परंतु कोटे जाण्याने त्या थांबल्या नाहीत, हेही तितकेच खरे. कापडाचा व्यापार खुला झाला तेव्हा कापसाचा व्यापार खुला नव्हता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना प्रचंड अनुदाने देत होती. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि मार्च २००५ मध्ये अपिलातही ती जिंकली. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. भरपाई मिळाली ती लढणाऱ्या देशाला. वर्ध्याच्या कास्तकाराचे नुकसान त्याच अनुदानांनी झाले होते, पण त्याच्या वतीने असा दावा शेवटास नेणारे कोणी नव्हते.

२०२५ चा धडा

आता कोट्याची जागा पुन्हा जकातीने घेतली आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात लावली. नंतरच्या वाटाघाटींत तिचे आकडे कितीही वरखाली होवोत, तिचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. जुन्या कोट्यात टंचाईचा खंड निदान निर्यातदार देशात राहत असे. जकातीत तो सरळ वॉशिंग्टनच्या खजिन्यात जातो.

या जकातीचे ओझे कोणावर पडले? ती लागू होण्याच्या आठ दिवस आधी, १९ ऑगस्ट रोजी, भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयात कर माफ केला. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. कारण असे दिले गेले की वस्त्रोद्योगाला स्वस्त कापूस मिळावा. ऑक्टोबर ते डिसेंबर हेच वर्धा जिल्ह्यात नवा कापूस बाजारात येण्याचे महिने. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. घरात साठवण्याची सोय नसलेला आणि सावकाराचे देणे असलेला शेतकरी ज्या वेळी गाडी घेऊन बाजारात येतो, नेमकी त्याच वेळी परदेशी कापसाला करमुक्त प्रवेश! १९३३ मध्ये गिरणीमालकांसाठी लावलेल्या जकातीची किंमत कास्तकाराने दिली. २०२५ मध्ये परक्या देशाने लावलेल्या जकातीची भरपाईही त्याच्याकडूनच वसूल झाली. गिरणीमालक आणि निर्यातदार यांची अडचण खोटी होती असे नाही. पण अडचण वाटून घेण्याची वेळ आली की वाटा नेहमी एकाच्या अंगावर का पडतो?

दरम्यान कोटाही गेलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी ५१,००० टन, म्हणजे सुमारे ३ लाख गाठी, कापूस करमुक्त आणता येतो. ज्याला हा करमुक्त कापूस आणण्याचा परवाना मिळतो, त्याला कराएवढा लाभ होतो. तो कागद पुन्हा कारखानदाराच्याच हाती.

चळवळीने काय मागावे?

एवढ्या इतिहासावरून निष्कर्ष काढावयाचा तर तो 'कोटे रद्द करा' असाही नाही आणि 'कोटे घाला' असाही नाही. बळिष्ठ राष्ट्रे आपल्या कापसाचे हित करारात कसे गुंफतात ते पाहण्यासारखे आहे. २००० साली अमेरिकेने कॅरिबियन देशांच्या कपड्यांना करमुक्त प्रवेश दिला, पण त्यासाठी मुख्य अट घातली ती अमेरिकन सुताची आणि कापडाची. भारताने १९३४ मध्ये, पारतंत्र्यात असतानाही, कापडाच्या कोट्याला कापसाची गाठ बांधली होती. स्वतंत्र भारताला हे अशक्य नसावे.

यासाठी चार मागण्या चळवळीने हाती घ्याव्यात. पहिली, कापड वा कापसाचा उल्लेख असलेल्या प्रत्येक व्यापारकराराचा मसुदा कापूस उत्पादक राज्यांच्या विधानसभांपुढे यावा आणि वाटाघाटींपूर्वी शेतकरी, कामगार व विणकर यांच्या संघटनांचे म्हणणे ऐकले जावे. दुसरी, करमुक्त आयातीचे वा निर्यातीचे जे परवाने देण्यात येतील त्यांचा मोबदला घेतला जावा आणि तो कापूस भाव चढउतार निधीत जमा व्हावा. शेतकरी व विणकर सहकारी संस्थांसाठी त्यात राखीव वाटा असावा. तिसरी, ऑक्टोबर ते मार्च या आवकेच्या महिन्यांत कापसावरील आयात कर माफ करू नये. चौथी, राष्ट्रहिताच्या नावाखाली निर्यात थांबवावयाची झाल्यास देशी आणि परदेशी भावांतील फरक सरकारने शेतकऱ्याला भरून द्यावा. राष्ट्रहित राष्ट्राने सोसावे. ते एकट्या कास्तकाराच्या शिरावर असू नये.

या मागण्या क्रांतिकारक नाहीत. त्या केवळ हिशेबाच्या आहेत. परंतु हिशेब मागणे हीच कष्टकऱ्यांच्या राजकारणाची पहिली पायरी असते. आगामी हंगामात हिंगणघाटच्या आवारात गाड्या लागतील तेव्हा कार्यकर्त्याने भावाचा फळा वाचून थांबू नये. त्या हंगामात कोणती जकात माफ झाली, किती गाठींना परवाना मिळाला आणि तो कोणाच्या नावावर आहे, एवढी तीन वाक्ये त्याने त्याच फळ्याशेजारी लिहून लावावीत. आपल्या कापसाचा भाव कोणी आणि कोठे ठरवला, हे ज्या दिवशी कास्तकार नाव घेऊन विचारू लागेल, त्या दिवसापासून तो कागद फक्त पेढीवाल्याच्या हाती राहणार नाही.